बाहेरची कडी

सेंगुळम, १२ जानेवारी

प्रिय तंबी मुत्तु,

अम्मा गेली त्या रथाच्या दिवशी पहाटे मी चारला उठलो. तळ्यावर तीन बुड्या मारल्या, ओल्या पंच्यानिशी घरी आलो, ओसरीत उभी केलेली, रथाचं चाक अडवायची लाकडी मोगरी धुतली आणि तिच्यावर भस्माचे तीन पट्टे ओढले. मनगटावरचा पिवळा दोरा घट्ट आहे ना, ते पाहिलं. अम्मा झोपली होती. तिला उठवलं नाही. दार ओढून घेतलं आणि रथाकडं निघालो.

अकरा वर्षांत हे मी इतक्यांदा सांगितलंय, की शाळेतल्या कवितेसारखं ते आता पाठ झालंय.

पत्र पाहून तू ते फाडशील असं शेण्बगम म्हणते. "तुमचा फोन इतकी वर्षं उचलला नाही त्यांनी, पाकीट बरं उघडतील!" तुझी वहिनी अजून तशीच आहे. पण फाडू नकोस. आपल्या तेन्मोळीच्या लग्नाचं काम आहे.

गेल्या गुरुवारी तेन्काशीहून तीन माणसं आली. मुलाचे वडील, काका आणि एक आत्या. तिरुप्पूरला तुझ्याकडं मुलगी बघून आले होते, पसंत होती. मुलीच्या मूळ गावी जाऊन चौकशी केल्याशिवाय आपल्याकडं पुढं काही ठरत नाही, म्हणून इथं आले. आधी देवळात गेले, तळ्याच्या पायरीवर चार बायकांशी बोलले, आणि मग माझ्याकडं. शेण्बगमनं कॉफी दिली, ताडाचे उकडलेले कोंब दिले. मी सांगितलं, मुलगी गुणी आहे, शिकलेली आहे, घर चांगलं आहे. कॉफी पिऊन गेले. त्यांच्याकडून काही कळलं का, ते कळव.

इकडं सगळं जिथल्या तिथं आहे. तळ्याचं पाणी तांबडंच. डोंगर बोडकाच. सकाळी काड्यापेटीच्या कारखान्याची बस येते आणि अर्धं गाव घेऊन जाते. पंगुणी महिन्यात रथ निघेल. तुझ्या उजव्या चाकाला आता पूर्व वीथीतला एकजण असतो. हात बरा आहे, पण चाकाच्या फार जवळ वाकतो. आप्पा असते तर कानाखाली वाजवली असती.

मलैनाथ तुम्हा सर्वांना सुखी ठेवो.

अण्णा मासिलामणी

*

सेंगुळम, ९ फेब्रुवारी

मुत्तु,

तुझं कार्ड आलं. खाली सही नाही, वर नमस्कार नाही, एकच ओळ: "ती म्हणाली ते खरं होतं की नाही, एवढंच लिही."

कार्ड मी देवासमोर ठेवलं होतं. शेण्बगमनं ते वाचलं. रोज संध्याकाळी दिवा लावताना ते उचलायची, पुसायची आणि परत ठेवायची.

खरं होतं.

तुझ्या बायकोला, पोन्नुत्ताईला, त्या पहाटे मीच घराबाहेर पाठवलं. ती मागच्या पडवीत तेन्मोळीजवळ झोपली होती; शेण्बगम रात्रीपासून देवळातल्या स्वयंपाकाला होती. उठून आली आणि म्हणाली, "सासूबाई उठल्या का? पेज टाकू?" मी म्हणालो, "खोकून खोकून आत्ता कुठं डोळा लागलाय. उठवू नकोस. मी आहे. तू मुलीला घे आणि ताकाच्या घागरी घेऊन मांडवात जा, लोक यायला लागतील." ती म्हणाली, "भाऊजी, मी थांबते ना. रथ काय, आपल्या दारावरूनच जाणार आहे." मी तिच्यावर आवाज चढवला. तेव्हा गेली.

दुपारी सगळी वीथी आपल्या अंगणात गोळा झाली आणि बायका म्हणायला लागल्या, "सून ताक वाटत मिरवत होती, सासू इथं एकटी मेली." तेव्हा तिनं सगळ्यांदेखत सांगितलं, "मोठ्या भाऊजींनीच मला जा म्हटलं." तू माझ्याकडं वळलास. "अण्णा, तू म्हणालास?"

मी नाही म्हणालो.

मग तू तिच्यावर हात उचललास. तोवर तू कधी उचलला नव्हतास. तो हात माझा होता, मुत्तु.

का, ते आता लिहितो. चौदा वर्षं रथ पत्र्याखाली उभा होता. पहिला दोर कुणी धरायचा, यावरून पूर्व वीथी आणि उत्तर वीथी कोर्टात गेल्या होत्या. आप्पा रोज सकाळी पत्र्याखाली जाऊन चाकांना हात लावून यायचे, आणि रथ हललेला न बघताच गेले. त्या वर्षी निकाल लागला, नवी चाकं बसली, आसपासच्या चाळीस गावांतून माणसं आली. तू राखणीला रात्रभर रथाखालीच होतास. आणि मी पहाटे तळ्यावरून आलो, तर अम्मा गेलेली.

रथवीथीत मयत झालं तर प्रेत उचलेपर्यंत रथ हलत नाही, हे तुला काय सांगू. सुतक लागलं की आपल्या मनगटांवरचा दोरा कापला जाणार, डावं चाकही गेलं आणि उजवंही. आपल्याशिवाय दक्षिण वीथीतला तो उतार कुणाला माहीत होता? तिरुचेंदूरहून माणसं आणेपर्यंत मुहूर्त टळला असता, आणि लगेच उत्तर वीथीवाले म्हणाले असते, बघा, देवालाच नको होतं. म्हणून मी ठरवलं, दुपारपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही. दार लावलं आणि गेलो.

गेलेल्या माणसाला दोन प्रहर थांबवून ठेवलं, एवढाच माझा गुन्हा. तो मोठा आहे. पण अम्मालाही रथ हललेला बघायचा होता, हे तुलाही माहीत आहे.

तेन्काशीच्या लोकांबद्दल मी तुला अर्धंच लिहिलं होतं. ती आत्या कॉफी पिता पिता म्हणाली, "सासूला एकटीला मरू देणारी सून ती हीच ना? आईच्या वळणावर लेक जाते म्हणतात." मी पेल्यात बघत बसलो. कॉफीवर साय धरली होती. ती बोटानं बाजूला केली. नंतर सांगितलं मुलगी गुणी आहे म्हणून, पण तोवर ते चपला घालत होते.

हे पत्र तू तिला वाचून दाखव.

अण्णा

*

सेंगुळम, ३ मार्च

मुत्तु,

तेन्काशीच्या मुलाचं दुसरीकडं ठरलं, हे तू लिहिलंस. ते स्थळ माझ्यामुळं गेलं.

खाली लिहिलंस: "पोन्नुत्ताई विचारते, अम्माच्या नखांत हिरवा रंग कसा आला?"

हे वाचलं तेव्हा मी देवळाच्या मागच्या पायरीवर बसलो होतो. नंतर उठता येईना. पुजाऱ्यानं हात दिला आणि म्हणाला, "काय मासिलामणी, पित्त झालं का?" मी हो म्हणालो. बघ, खोटं किती हाताशी असतं.

म्हणजे तिला माहीत होतं. अम्माला शेवटची अंघोळ तिनंच घातली. बाकीच्या बायका तिला हात लावू देत नव्हत्या, तेव्हा ती म्हणाली होती, "शिव्या द्या, पण न्हाऊ मी घालणार." तेव्हा तिनं ती बोटं एकेक करून धुतली असणार. उत्सवासाठी आपलं रस्त्याकडचं दार मीच आठ दिवस आधी हिरव्या रंगानं रंगवलं होतं. अकरा वर्षं ती हे पोटात घेऊन बसली आणि तुलासुद्धा बोलली नाही. कोण विश्वास ठेवणार होतं? तू तरी ठेवला असतास का?

फोनवर मी पुन्हा काहीतरी रचलं असतं. कागदावर रचायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात आपलीच लाज वाटते. म्हणून लिहितो.

अम्मा गेलेली नव्हती.

तळ्यावरून आलो तेव्हा ती चटईवर कुशीवर होती. तोंड एका बाजूला ओढलं होतं. डावा हात तिचा नसल्यासारखा पडला होता. डोळे उघडे होते आणि माझ्याकडं बघत होते. मी पाणी पाजलं, ते गालावरून ओघळून गेलं. तिनं "मणी" म्हटलं. नुसतं "मणी", तेसुद्धा अर्धं. हे पोन्नुत्ताई उठायच्या आधीचं. मी अम्माच्या अंगावर तोंडापर्यंत पांघरूण ओढलं आणि मग पडवीत जाऊन तिला पाठवलं.

दोर सहाला अंथरायचे होते. साडेचार वाजले होते, रस्ते मोकळे होते. तळ्यापलीकडचा डॉक्टर घरात होता. तुला हाक मारली असती तर तू तिला दोन हातांवर उचलून नेलं असतंस. हे सगळं मला तेव्हाही दिसत होतं. मला काही सुचलं नाही, असं झालं नाही. मी विचार केला. तासाभरात जाईल, असं मला वाटलं. दवाखान्यात नेताना वीथीतच गेली तर सगळ्यांदेखत सुतक लागेल. त्यापेक्षा देव आधी जाऊ दे. मी देवाला म्हणालो, "मलैनाथा, तुझं काम आहे, तू बघ." असं म्हणून मी देवालाही त्यात ओढलं.

पोन्नुत्ताई कोपऱ्यावर वळेपर्यंत थांबलो. मग दार ओढून घेतलं आणि बाहेरची कडी लावली. मधूनच कुणी घरात शिरू नये म्हणून. कडी बसताना आतून आवाज आला. मी तो पारव्याचा ठरवला.

साडेनऊला रथ दक्षिण वीथीत वळला. आपल्या घरासमोर उतार सुरू होतो, म्हणून तिथं रथ नेहमी थांबवतात आणि दोन्ही चाकांखाली जोडमोगऱ्या घालतात. त्या दिवशी तो दहा मिनिटं उभा होता. तू उजवीकडं होतास. मी डावीकडं, आपल्या दाराच्या बाजूला. आप्पा शिकवायचे, "ओढणारे हजार असतात, थांबवणारे चार. थांबवणाऱ्यानं देवाकडं बघायचं नाही, चाकाकडं बघायचं. देव नंतर दिसतोच." मी चाकाकडं बघत राहिलो. दार माझ्या पाठीशी होतं, दहा हातांवर. ढोल वाजत होते, शंख वाजत होते, लोक ओरडत होते. त्यात काही ऐकू आलं नाही असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत होतो. दार हललं, मुत्तु. कडीचा आवाज मला ओळखू येतो. ती मीच बसवली होती.

मी ओरडलो, "सोडा मोगरी!" आणि रथ पुढं गेला.

साडेअकराला रथ जागेवर आला. तेव्हाही मी लगेच घरी गेलो नाही. देवळाचे धर्मकर्ते वैरवन पिळ्ळै आम्हा चौघांच्या डोक्याला मानाचं वस्त्र बांधणार होते. त्यासाठी थांबलो. माझा नंबर तिसरा होता. वस्त्र डोक्यावर तसंच ठेवून घरी आलो, कडी काढली आणि दार ढकललं. ते अडलं. पाव हात उघडलं आणि अडलं.

ती चटईवर नव्हती.

फटीतून अंग चोरून आत गेलो. तिला उचललं, चटईवर नेऊन ठेवलं, हात छातीवर जुळवले, लुगडं सारखं केलं. अंग अजून ऊन होतं. मग मी बाहेर येऊन हंबरडा फोडला, आणि वीथी धावत आली.

परवा हे सगळं शेण्बगमला सांगितलं. आज सकाळी भात वाढताना म्हणाली, "मी त्या दाराला दर शुक्रवारी हळदकुंकू लावते. तुम्ही बघत होता ना?" आणि मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी कुणाला वाईट म्हटलं नव्हतं. ज्यांनी म्हटलं त्यांना सांगा."

अण्णा असं लिहायचा हक्क मला नाही.

मासिलामणी

*

सेंगुळम, २१ मार्च

पोन्नुत्ताई,

हे पत्र तुला आहे. दिराच्या पत्राची तू वाट बघत नसशील. वाचायचं नसेल तर मुत्तुला वाचायला दे, त्यालाही नको असेल तर चुलीत घाल. काय झालं ते तुला कळावं, एवढ्यासाठीच लिहितो. उत्तर मागत नाही. माफीही मागत नाही, ती मागणं म्हणजे पुन्हा तुझ्याकडून काहीतरी घेणं झालं.

काल ध्वज चढला. दोरा बांधायचा दिवस. मी सकाळी मंडपात गेलो, मोगरी पिळ्ळैंच्या पायाशी ठेवली आणि म्हणालो, "मला दोरा बांधू नका." आणि मग का, ते सांगितलं. तिथं आठ-दहा माणसं होती.

पिळ्ळै सत्तरीचे आहेत, ऐकायला कमी येतं, पण हे सगळं ऐकू आलं. पानाला चुना लावला. मग म्हणाले, "मासिलामणी, तुझ्या तोंडून हे ऐकलं नाही असं मी समजतो."

मी म्हणालो, "मालक, समजू नका. ऐका."

"अरे, त्या वर्षी रथ निघाला आणि तळं भरलं. नंतर दहा वेळा निघाला. आता तू म्हणणार, घरात माणूस मरत ठेवून मी चाकाला हात लावला? मग शांती करा, होम करा, उत्तर वीथीवाले परत कोर्टात जातील. कुणासाठी? तिरुप्पूरला गेलेल्या एका बाईसाठी?"

"हो," मी म्हणालो.

"ती काय तुझ्याकडं मागायला आली आहे का?"

"नाही आली. म्हणूनच."

ते हसले. "तुझ्या आप्पाला अक्कल होती. तू शाळेत गेलास आणि वाया गेलास." दुसरे एकजण म्हणाले, "घरातली गोष्ट घरात ठेव, अण्णा. भावाला पत्र लिही, संपलं." मी म्हणालो, "तिची बदनामी घरात झाली नव्हती. चार वीथींत झाली होती." देवळाकडून दवंडी द्या, अशी मी विनंती केली. पिळ्ळै म्हणाले, "देवळाचा ढोल असल्या कामाला मिळणार नाही," आणि उठून आत गेले.

तुला इरुळप्पन आठवत असेल. दवंडी देणारा. तेन्मोळी लहानपणी त्याच्या ढोलामागं पळायची. मी त्याच्या वस्तीवर गेलो. तो ढोल उन्हात तापवत होता. सगळं ऐकून म्हणाला, "अण्णा, हरवलेली म्हैस ओरडलोय, नळाचं पाणी ओरडलोय, लशीचे डोस ओरडलोय. पाप कधी ओरडलो नाही. उद्या देवळातनं माझं काम जाईल."

मी म्हणालो, "मग राहू दे. मी ताट बडवत जातो."

"ताट?" तो म्हणाला. "लोक म्हणतील भांड्याला कल्हई लावणारा आला." मग ढोल उन्हात उलटा केला. "तुमची म्हातारी मला ओसरीवर बसवून पेज द्यायची. वीथीत दुसरं कुणी देत नव्हतं. असं करू. मी नुसता वाजवतो. बोला तुम्ही. माझ्या तोंडून काही गेलं नाही, मग माझं काम कोण काढतो बघू."

आज सकाळी सातला निघालो, कारखान्याची बस यायच्या आधी, म्हणजे सगळे घरी असतील. दक्षिण वीथी शेवटी घ्यायची असं मी त्याला सांगितलं.

पूर्व वीथीत लोक हसत बाहेर आले. त्यांना वाटलं, रथाची काहीतरी सूचना आहे. मी बोललो तसं हसू थांबलं. उत्तर वीथीत एकानं ओरडून विचारलं, "दारू प्यायलास का रे सकाळी सकाळी?" दुसरा म्हणाला, "बोलू दे, बोलू दे, आपल्या केसला उपयोगी पडेल." पश्चिम वीथीत बरीच दारं बंद झाली. तिथल्या त्या म्हातारीनं, जिनं तुला अंगणात सगळ्यांत वाईट शब्द वापरले होते, मला थांबवलं. जवळ येऊन माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "मेल्या, मला कशाला सांगितलंस? मी आता दोन वर्षांत जाणार होते." आणि पदरानं तोंड झाकून आत गेली.

इरुळप्पन दर वळणावर थांबायचा, मागं बघायचा आणि मी आलो की पुढं व्हायचा.

दक्षिण वीथीत आपल्या घरासमोर, जिथं उतार लागतो, तिथं थांबलो. सगळी वीथी बाहेर उभी होती. धर्मकर्त्यांचा कारकूनही आला होता. शेण्बगम दारात होती. दार पूर्ण उघडं होतं. बाहेरची कडी मी पहाटेच उपटून काढली होती, तिथं चार भोकं राहिली आहेत. मी चाकाजवळ गुडघे टेकायचो त्याच जागेवर उभा राहिलो, पण या वेळी दाराकडं तोंड करून.

मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे कुणी वेगळं सांगितलं तर तुला कळेल. चारही वीथींत हेच बोललो:

"ऐका हो. मी मासिलामणी, डाव्या चाकाचा मोगरीवाला. अकरा वर्षांपूर्वी रथाच्या दिवशी माझी आई आजारी पडली. ती जिवंत असताना मी तिला घरात कोंडलं. रथ थांबू नये म्हणून, आणि चाक माझ्या हातून जाऊ नये म्हणून. माझ्या भावाच्या बायकोनं, पोन्नुत्ताईनं, त्या दिवशी जे सांगितलं ते खरं होतं. मी खोटं बोललो. तिला मीच पाठवलं. कडी मी लावली."

इरुळप्पननं ढोल वाजवला.